पदरचं वाक्य

आमची नाटकाची बस चौकात अडकली होती आणि माझ्या खिडकीला लागून एक रिक्षा उभी होती. रिक्षाच्या टपावर कर्णा.

"रसिकहो, आज दुपारी ठीक चार वाजता! 'गच्चीवर ये ना' फेम इंदर! तुमचा आमचा लाडका इंदर, आज प्रत्यक्ष गाणार! थोडीच तिकिटं शिल्लक!"

रिक्षाच्या पाठीला फलक बांधला होता. त्यावर चौदा वर्षांचा इंदर होता. जीनचं जाकीट, कपाळावर झेपावलेले केस, दोन बोटं आकाशाकडे. नाटकाचं नाव खाली, बारीक अक्षरांत. माझं नाव त्याहून बारीक.

चोवीस वर्षांचा इंद्रजित सोनटक्के माझ्या पुढच्या सीटवर काचेला डोकं टेकून झोपला होता. चौक लवकर सुटावा असं मला फार वाटत होतं. तो सुटला नाही. कर्ण्यातून दुसऱ्यांदा 'प्रत्यक्ष गाणार' आलं तेव्हा त्याने डोळे उघडले, फलक वाचला आणि उठून पुढे गेला. ड्रायव्हरशेजारी आमचे निर्माते शशिकांत पाटकर बसले होते.

"पाटकर साहेब, हे काय आहे?"

"काय?"

"बाहेर बघा ना."

पाटकरांनी बाहेर बघितलंच नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

"अरे, इथला प्रयोग घेतलेल्या कॉन्ट्रॅक्टरने परस्पर लावलं असेल. मी बोलतो त्याच्याशी."

"आपलं ठरलं होतं."

"ठरलंय ना! मी कुठे नाही म्हणतोय? बस खाली, गाडी सुटतेय."

तो परत आला. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, पाणी आहे?" मी बाटली दिली. ती त्याने उघडली नाही, नुसती दोन्ही हातांत धरून बसला.

या गोष्टीला आता सोळा वर्षं होऊन गेली. गावाचं नाव सांगत नाही. मराठवाड्यातलं आहे, एवढं पुरे. तिथल्या लोकांनी आमचं वाईट चिंतलं नव्हतं, आणि जे झालं ते त्यांनी एकट्यांनी केलंही नव्हतं.

इंदर कोण, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. तेव्हा लागत नव्हतं. खामगावचा हा मुलगा चौदाव्या वर्षी एका कॅसेटमुळे घराघरात पोचला. 'गच्चीवर ये ना, पतंग उडवू' असं ते गाणं. त्यात ऐकण्यासारखं काय होतं, तर आवाज. कोवळा, जरा खट्याळ, आणि वरच्या पट्टीत गेला की काचेसारखा स्वच्छ. माझी भाची तेव्हा आठवीत होती. तिच्या भूगोलाच्या वहीवर पुठ्ठ्याच्या जागी इंदरच होता. गणपतीत, नवरात्रात, कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत त्याचे कार्यक्रम. वडिलांनी नोकरी सोडून त्याचा कारभार हाती घेतला.

मग पंधराव्या वर्षी, सगळ्या मुलांचा फुटतो तसा, त्याचा आवाज फुटला. एरवी अशा वेळी मुलाला वर्षभर गप्प बसवतात. याच्या तारखा दिलेल्या होत्या. घशात इंजेक्शनं घेऊन तो गात राहिला, आणि जेव्हा अजिबात निघेना तेव्हा टेप लावून नुसते ओठ हलवत राहिला. सतराव्या वर्षी घशातल्या गाठी काढाव्या लागल्या. बोलता येईल, असं डॉक्टर म्हणाले. गाण्याविषयी त्यांनी काही म्हटलं नाही.

नंतर तो नट झाला. एका सिनेमात नायक झाला, तो सिनेमा आठवडाभर टिकला नाही. दोन मालिकांमध्ये नायकाचा मित्र. आणि मग पाटकरांनी त्याला आमच्या नाटकात घेतलं.

खरं सांगते, मला ते मुळीच आवडलं नव्हतं. तीस वर्षं रंगभूमीवर काढल्यावर पोस्टरसाठी आणलेल्या पोराबरोबर काम करायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पहिल्या तालमीला मी त्याच्याशी धड बोललेही नाही. चौथ्या तालमीला मी चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिले.

नाटक साधं होतं. दोन भाऊ धरणावर पोहायला जातात, थोरला बुडतो, धाकटा परत येतो. आई धाकट्याशी दीड वर्षं एक अक्षर बोलत नाही. आई मी आणि धाकटा इंद्रजित. दुसऱ्या अंकात मी स्टेजवर मटार सोलत बसते. तो येऊन समोर बसतो, ताटातली एक शेंग उचलतो. सोलत नाही, हातात फिरवत राहतो. जवळजवळ पाऊण मिनिट कुणी काही बोलत नाही. मग तो म्हणतो, "आई, मी त्याचा हात सोडला." आणि सगळं सांगतो. सांगून झाल्यावर आई दीड वर्षांनी त्याच्याशी पहिलं वाक्य बोलते, "जेवलास का?" तिथे पडदा.

त्या पाऊण मिनिटात हा मुलगा काय करायचा, ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही. काही करायचाच नाही. पण समोर बसून मला दर वेळी वाटायचं, आता याने बोलू नये, बोलला तर माझ्याच्याने ऐकवणार नाही. आणि मग तो बसका, खरखरीत आवाज यायचा. गाण्याला निकामी झालेला आवाज त्या नाटकाला असा काही लागू पडला होता, की दुसऱ्या कुणाचा चाललाच नसता.

त्याची एकच अट होती. गाणं नाही. पाटकरांनी हो म्हटलं होतं, सगळ्यांसमोर.

पुण्या-मुंबईत प्रयोग व्यवस्थित झाले. परीक्षणं चांगली आली. गर्दी मात्र येईना. जानेवारीत दौरा निघाला तेव्हा पाटकरांच्या तोंडावर हसू उरलं नव्हतं. आधीची दोन नाटकं पडलेली, हे तिसरं. पाटकर काही दुष्ट माणूस नव्हते. नट आजारी पडला तर स्वतः डबा घेऊन जाणारा माणूस.

नाट्यगृहावर पोचलो तेव्हा दोन वाजले होते. बाहेर हा गोंधळ. तिकीट न मिळालेली पोरं फाटकाला लटकलेली. आम्ही मागच्या दाराने आत गेलो. मी केसांना पांढरं लावत बसले होते, तेव्हा इंद्रजित माझ्या मेकअप रूमच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, येऊ?"

"ये रे. बोललास पाटकरांशी?"

"कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, नाही गायला तर लोक खुर्च्या मोडतील. पाटकर म्हणतात, बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू." तो स्टुलावर बसला. "ताई, मले खरंच येत नाही हो." एरवी तो अगदी शुद्ध बोलायचा. घाबरला की खामगाव बाहेर यायचं. "मी घरी गुणगुणतसुद्धा नाही. न्हाणीघरातसुद्धा नाही. ऑपरेशननंतर एकदा करून बघितलं होतं. आईने ऐकलं आणि ती स्वयंपाकघराचं दार लावून बसली."

"कोण तुला गायला लावतंय? आपण नाटक करायला आलोय."

"ते ओरडणार."

"ओरडू देत. ओरडून ओरडून किती ओरडतील?"

"मीही तेच म्हणतोय." तो जरा पुढे सरकला. "मटारच्या प्रवेशात ओरडतील. शांतता असते ना तिथे. तर मी थांबेन. ते गप्प होईपर्यंत बोलणारच नाही. पाच मिनिटं लागू दे, दहा लागू दे. तुम्ही फक्त तुमचं काम चालू ठेवा. मटार सोलत राहा. तुम्ही हललात नाहीत तर मी टिकतो."

"मी कशाला हलतेय? तीस वर्षं झाली मला."

"नक्की?"

"अरे, नक्की."

तो हसला. वाकून माझ्या पायांना हात लावला आणि गेला.

पहिला अंक कसाबसा पार पडला. त्याच्या प्रवेशाला शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, कुणीतरी "इंदर, जाकीट कुठाय?" म्हणून ओरडलं, लोक हसले. पण ऐकतही होते. मध्यंतरात मी चहा घेत होते, तेव्हा पाटकर विंगेत माझ्याजवळ आले. त्यांच्या शर्टाला पाठीवर घाम आला होता.

"मंदाताई, कॉन्ट्रॅक्टरने गाण्याची सीडी आणलीय. साउंडवाल्याकडे दिलीय."

"कशाला?"

"असू दे हाताशी. वेळ आलीच तर. तुम्ही जुन्या आहात, तुम्हाला काय सांगायचं? सांभाळून घ्या म्हणजे झालं."

"म्हणजे मी काय करायचं?"

"ते मी काय सांगू? तुम्हाला सुचेलच." आणि ते निघून गेले.

दुसऱ्या अंकाची घंटा झाली.

मी मटार सोलायला बसले. इंद्रजित आला, समोर बसला, शेंग उचलली. मी मनात मोजायला लागले. पंधरापर्यंत सभागृह चिडीचूप होतं. मग मागून, बाल्कनीतून, एक आवाज आला.

"गाणंऽऽ!"

थोडं हसू. "शूऽऽ" असंही कुणीतरी म्हणालं. इंद्रजित शेंगेकडे बघत होता. मग दुसरा आवाज, तिसरा, आणि एका बाजूने टाळ्यांचा ठेका सुरू झाला. गच्ची-वर-ये-ना. गच्ची-वर-ये-ना. तो ठेका खुर्च्यांच्या एकेका रांगेतून पुढे येताना ऐकू येत होता.

मी मटार सोलत राहिले. तो थांबला होता. त्याचा चेहरा तसाच होता, त्या भूमिकेचा. प्रेक्षकांत जे चाललंय ते जणू त्याच्या घराबाहेरच्या रस्त्यावर चाललंय. मनात म्हटलं, शाब्बास रे पोरा.

दोन मिनिटं गेली असतील. स्टेजवरची दोन मिनिटं. पाय आपटायला सुरुवात झाली. पहिल्या रांगेतलं एक म्हातारं जोडपं उठलं आणि एकमेकांना धरून बाहेर गेलं. पाण्याची एक बाटली येऊन नेपथ्याच्या भिंतीवर आदळली, भिंत हलली. मी विंगेकडे बघितलं. तिथे पाटकर उभे होते. त्यांनी दोन्ही हात जोडले होते. माझ्याकडे बघून.

इंद्रजित अजून थांबला होता. त्याने नजर उचलून माझ्याकडे बघितलं. त्याला विचारायचं असेल, ठीक आहात ना? एवढंच.

मला भीती वाटली होती, हे खरं. तरुणपणी एका गावी मी प्रेक्षकांनी पेटवलेला पडदा पाहिला होता. पण नुसती भीती नव्हती. आज लपवण्यात काही अर्थ नाही म्हणून सांगते. त्या गोंगाटात, आपण या सगळ्या लोकांना एका वाक्यात गप्प करू शकतो, हे मला लख्ख दिसलं. नटीला असं काही दिसलं की ती थांबत नाही. संहितेत नसलेलं, आपल्या मनाचं वाक्य घालणं, याला आम्ही पदरचं वाक्य म्हणतो. त्यात माझा हातखंडा होता. लोक त्याचं कौतुक करायचे.

मी हातातली शेंग ताटात टाकली. मान वर केली. आणि दीड वर्षं मुलाशी न बोललेली ती आई त्याला म्हणाली, "बाळ, ते गाणं म्हण ना एकदा. तुझ्या दादाला किती आवडायचं."

सभागृह एका क्षणात गप्प झालं. कुणीतरी "अरे बाप रे" म्हणालेलं मला ऐकू आलं.

इंद्रजित माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. एखाद्याने चालता चालता पायाखाली पायरी आहे असं समजावं आणि ती नसावी, तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्याने काही बोलायच्या आत साउंडवाल्याने सीडी लावली.

तो चौदा वर्षांचा आवाज आला. काचेसारखा.

इंद्रजित उठला. त्याने ओठ हलवले, हात वर केला, दोन बोटं आकाशाकडे केली, गिरकी घेतली. एकही पाऊल चुकलं नाही. दोन वर्षं त्याने हेच केलं होतं, त्याचं शरीर विसरलं नव्हतं. हातात ती मटाराची शेंग तशीच होती. लोक उभे राहून गात होते. आणि बायका रडत होत्या. मेलेल्या भावाला आवडणारं गाणं, म्हणून रडत होत्या. मी तसं वाक्यच टाकलं होतं.

गाणं संपलं. टाळ्या थांबेचनात. तो परत माझ्यासमोर बसला, धापा टाकत, आणि त्याच्या त्या खरखरीत आवाजात म्हणाला, "आई, मी त्याचा हात सोडला."

टाचणी पडली तर ऐकू यावी अशा शांततेत त्याने तो सगळा प्रवेश केला. त्याच्याहून चांगला त्याने कधी केला नव्हता. मला शेवटचं वाक्य बोलायचं होतं, "जेवलास का?" ते मी बोलले. आता त्याला काही अर्थ उरला नव्हता. आई आधीच बोलून बसली होती.

पडदा पडल्यावर पाटकरांनी स्टेजवरच माझे पाय धरले. "मंदाताई, नाटक वाचवलंत! हे वाक्य ठेवायचं. असंच्या असं ठेवायचं." मी इंद्रजितला शोधत होते. तो बाहेर सह्या देत होता. कॉन्ट्रॅक्टरने त्याला केव्हाच ओढून नेलं होतं.

बसमध्ये मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"इंद्रजित, मला क्षमा कर."

"नाही हो ताई. तुम्ही काय करणार? वेळच तशी होती."

"मी उद्या पाटकरांना सांगते, हे मी पुन्हा बोलणार नाही."

"सांगून बघा," तो म्हणाला.

मी सांगितलं. पाटकरांनी पुढच्या चार गावांच्या कॉन्ट्रॅक्टरांचे फोन माझ्यासमोर स्पीकरवर ऐकवले. सगळ्यांना तोच प्रयोग हवा होता, गाण्यासकट. आमच्या तरुण दिग्दर्शकाला मुंबईला फोन लावला. त्याने आधी तिकीटविक्रीचा आकडा विचारला. मग म्हणाला, "चालतंय ना? मग चालू दे." पडद्यामागे काम करणारी बारा माणसं तीन महिन्यांनी पहिल्यांदा निश्चिंत दिसत होती. मी कुणाशी भांडू?

नाटक धो धो चाललं. पोस्टरवर नवीन ओळ आली: आईच्या हाकेला इंदरचं गाणं! मी ते वाक्य शंभराहून जास्त वेळा बोलले. दर वेळी तो उठायचा, दर वेळी गिरकी घ्यायचा. माझ्याशी वागण्यात तसूभर फरक पडला नाही. माझी बॅग उचलायचा, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा. फक्त मटारच्या प्रवेशात त्याने माझ्या डोळ्यांत बघणं सोडलं. कपाळाकडे बघायचा. प्रेक्षकांना कळत नसे.

एकदा मी ते वाक्य गिळलं. एप्रिलमध्ये, साताऱ्याला, दुपारचाच प्रयोग होता. घरून ठरवूनच निघाले होते. काय व्हायचं ते होऊ दे. मी मटार सोलत राहिले, वर बघितलंच नाही. प्रेक्षक वाट बघत होते, त्यांना माहीत होतं आता काय येणार. कुजबुज सुरू झाली. शेंगांवर हात चालू होते. मला वाटलं, आता तो थांबेल. आज तरी आम्ही दोघं थांबू.

तेवढ्यात ओठ न हलवता, अगदी हळू, तो म्हणाला, "ताई, म्हणा."

मी म्हटलं.

नाटक बंद झाल्यावर त्याला एक मालिका मिळाली. त्यात तो गायकाचं काम करत होता, आवाज दुसऱ्याचा. ती संपल्यावर त्याने मुंबई सोडली. हे मला इतरांकडून कळलं.

पाच वर्षांपूर्वी मी नाट्यस्पर्धेची परीक्षक म्हणून अकोल्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो हॉटेलवर आला. अंग भरलेलं, चष्मा लागलेला. सासऱ्यांचं बी-बियाणांचं दुकान आता तोच बघत होता. जेवायला घरी चलाच म्हणाला. त्याच्या बायकोने आग्रहाने वाढलं. त्याने दुकानाच्या गमती सांगितल्या, मी हसले. बायको ताटं उचलून आत गेली तेव्हा मला राहवलं नाही.

"इंद्रजित, एक विचारू?"

"विचारा ना, ताई."

"त्या दिवशी मी बोलले नसते तर काय झालं असतं रे?"

कुठला दिवस, हे त्याने विचारलं नाही. जरा वेळ तो टेबलावर सांडलेलं पाणी बोटाने पुसत बसला.

"मी थांबलो असतो," तो म्हणाला. "मला वाटत होतं, दमतायत ते. मागची एक बाजू गप्प झाली होती. डावीकडची. तुमच्या लक्षात नसेल आलं, तुमची तिकडे पाठ होती."

"गप्प झाले असते सगळे?"

"माहीत नाही, ताई," तो म्हणाला. "तेवढं एक बघायचं राहून गेलं."